सगळ्यांच्या मागे चालणारा

यतिन डुंबरे सिडनीत बस चालवतो. हे सांगायला लाज वाटावी असं त्यात काही नाही आणि पगारही कुणी नाक मुरडावं असा नाही. तरी कॅसल हिलच्या बड्या मराठी मंडळींत कुणी विचारलं की तो म्हणायचा, "मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे." ऐकणाऱ्याला वाटावं, याच्या चार-दोन कंपन्या तरी असतील. त्याची बायको दीप्ती शेजारी असली तर ती अशा वेळी हातातल्या पेल्यात बघत राहायची. एकदा क्वेकर्स हिलला घरी परतल्यावर ती म्हणाली, "अरे, बसला बस म्हण की. चोरी करतोस का?" त्यावर हा गडी दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात तो वाईटच दिसणार आहे. मूळचा जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा, त्यामुळे डोंगर लहानपणापासून पायाखालचे. पुण्यात कॉलेजला असताना तो एका गिर्यारोहण मंडळात होता आणि तिथला एक नियम त्याच्या अंगात मुरला होता. मोहिमेत सगळ्यात भरवशाचा माणूस पुढे चालत नाही, सगळ्यात मागे चालतो. पुढे काय, वाट दिसली की कुणीही चालेल. पण दमलेला, पाय मुरगळलेला, बुटाची नाडी बांधायला बसलेला, असे सगळे मागे पडतात आणि त्यांच्याही मागे एक जण असावा लागतो. त्याला मंडळात 'शेवटचा माणूस' म्हणत. त्याच्या मागे कुणी उरता कामा नये, एवढंच त्याचं काम. यतिन तीन वर्षं शेवटचा माणूस होता आणि त्या तीन वर्षांत एकही जण मागे राहिला नव्हता.

२००८ साली तो स्वयंपाकाचा डिप्लोमा करायला सिडनीला आला. तेव्हा निम्मा महाराष्ट्र ऑस्ट्रेलियात स्वयंपाक शिकायला निघाला होता. पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळत होती ना. हॅरिस पार्कला दोन खोल्यांत सात जण राहायचे. त्यातला एक चारुदत्त, बार्शीचा, यतिनपेक्षा सहा वर्षांनी मोठा. यतिनकडे अंथरायला काही नव्हतं, तर चारूने स्वतःची गादी अर्धी करून दिली. म्हणजे कापून नाही, अर्धी जागा दिली. तीन महिने दोघे पाठीला पाठ लावून झोपले. यतिन तापाने फणफणला तेव्हा चारूने शिफ्ट बुडवली आणि त्याच्या उशाशी बसून राहिला. पुढे दोघांची लग्नं झाली, घरं झाली. चारू ईस्टर्न क्रीकच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवू लागला. वजन एकशे चार किलोवर गेलं, उजवा गुडघा कुरकुरू लागला, आवाज मात्र होता तसाच राहिला. तो कानात बोलला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं.

आणि यतिनला दुसरी माणसं भेटली. गणेशोत्सवात सलिलची ओळख झाली. सलिल एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर आयटीत. त्याची बायको नीलिमा, सोळा वर्षांची मुलगी अनुष्का, कॅसल हिलला पाच खोल्यांचं घर. एकदा ब्लू माउंटन्समध्ये ही मंडळी वाट चुकून बसली होती, यतिनने त्यांना बरोबर काढलं. त्या दिवसापासून सलिल त्याला 'लीडर' म्हणू लागला. चार लोकांत "हा आमचा लीडर" असं कुणी म्हटलं की यतिनची छाती दोन इंच फुगायची. शेवटच्या माणसाची गोष्ट त्याने त्यांच्या घरी निदान पाच वेळा तरी सांगितली असेल. आपल्याला मान आहे तो डोंगरापुरता, खाली उतरलो की आपण बसवाले, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तेवढा मान तो फार जपायचा.

या मार्चमध्ये, म्हणजे तिकडचा उन्हाळा सरता सरता, ठरलं, स्नोई माउंटन्समध्ये जायचं, ब्लू लेकला. बर्फाच्या नद्यांनी कोरलेलं, उंचावरचं तळं. शुक्रवारी जिंडाबाइनला मुक्काम आणि शनिवारी दिवसभरात जाऊन यायचं. दीप्तीला ड्यूटी होती, ती येणार नव्हती. चारूला हे कुठून कळलं देव जाणे. त्याचा फोन आला, "यत्या, मला नेत नाहीस होय रे तुझ्या डोंगरावर? सोळा वर्षं झाली, नुसतं ऐकतोय."

नाही म्हणायला यतिनच्या जिभेवर शब्द आले होते. पण अर्धी गादी आठवली आणि तो म्हणाला, "ये."

सलिलच्या सात सीटच्या गाडीतून सगळे निघाले. गाडी चालवायला यतिन. "तुझा काय, रोजचाच हात आहे," असं सलिल म्हणाला तेव्हा यतिन हसला, पण ते त्याच्या जिव्हारी लागलं. चारू मागे अनुष्काशेजारी बसला होता आणि त्याच्या तोंडाला खंड नव्हता. "साहेब, हा यत्या आणि मी एका गादीवर झोपायचो. एका गादीवर! रात्रभर हा लाथा मारायचा." सलिल म्हणाला, "अरे, साहेब काय, सलिल म्हण." "हो साहेब," चारू म्हणाला. अनुष्का खळखळून हसली. तिला चारूकाका आवडला होता. यतिनचे कान मात्र तापले. "आणि हॉटेलात भांडी घासताना हा गड-किल्ल्यांची नावं म्हणायचा. एकेका पातेल्याला एकेक गड!" चारू हे कौतुकाने सांगत होता. यतिन डुंबरेच्या आयुष्यात त्याचं इतकं कौतुक असणारा दुसरा माणूस नव्हता, आणि नेमकं त्याच माणसाचं तोंड कधी बंद होईल याची तो वाट बघत होता.

शनिवारी सकाळी शार्लट पासच्या पार्किंगला गाडी लागली. थंडी होती, आभाळ निळंशार होतं, स्नो गमच्या वाकड्यातिकड्या झाडांच्या खोडांवर तांबड्या-पिवळ्या रेघा ओल्या दिसत होत्या. सगळे उतरले आणि चारूने बॅगेतून एक जॅकेट काढून अंगावर चढवलं. गोदामातलं. भडक नारिंगी, चंदेरी पट्ट्यांचं, पाठीवर कंपनीचं नाव. पायात गोदामातलेच लोखंडी टोकाचे बूट. "यापेक्षा दणकट बूट मिळणार कुठे?" असं म्हणून त्याने जमिनीवर पाय आपटून दाखवला.

नीलिमा फोटोसाठी सगळ्यांना उभं करत होती. यतिन चारूच्या जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "ते काढ."

"का रे? थंडी आहे."

"चालताना घाम येईल. आणि फोटोत कसं दिसेल? काढ ना."

चारूने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने जॅकेट काढून बॅगेत कोंबलं. त्याच बॅगेत सगळ्यांचं जेवण होतं. त्याच्या बायकोने, वासंतीने, पहाटे उठून केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कांदा. "खायचं माझ्याकडे. तुम्ही मोकळ्या हाताने चला," असं म्हणून ती बॅग त्याने दुसऱ्या कुणाला उचलू दिली नव्हती.

वाट आधी सरळ खाली उतरते, स्नोई नदीपर्यंत. नदी तिथे लहान आहे, दगडांवर पाय ठेवत ओलांडायची. सलिल, नीलिमा आणि अनुष्का टणाटण उड्या मारून पलीकडे गेले आणि चढाला लागले. यतिन शेवटचा माणूस, तो चारूबरोबर मागे. तिसऱ्या दगडावर चारूचा लोखंडी बूट सटकला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. पाणी असं गार की चारूच्या तोंडून शब्द फुटेना. यतिनने त्याला दंडाला धरून पलीकडे ओढलं. चारू एका सपाट दगडावर बसला, बूट काढला, मोजा पिळला. गुडघा चोळत म्हणाला, "दहा मिनिटं दे. जरा कळ कमी होऊ दे."

वरून सलिलची हाक आली, "लीडर! कम ऑन, मेट!"

यतिनने वर बघितलं. ती तिघं चढावर उभी होती, उन्हात, छान रंगीत कपड्यांत. खाली हा, उघडा ओला पाय पसरून धापा टाकत बसलेला. दहा मिनिटांची वीस होणार, मग प्रत्येक वळणावर वीस, मग सलिल घड्याळ बघणार. यतिनला हे सगळं डोळ्यांपुढे दिसलं.

"चारू, असं कर," तो म्हणाला. "तू इथेच बस. इथून अजिबात हलू नकोस. आम्ही तीन-साडेतीन तासांत परत येतो."

"आणि तळं?"

"तळं कुठे पळून जातंय? पुन्हा येऊ की."

चारूचा चेहरा पडला. पण क्षणभरच. "बरं," तो म्हणाला, "तू म्हणतोस म्हणजे तेच बरोबर असेल. जा तू, ते थांबलेत."

यतिन झपाझप चढून वर गेला. नीलिमाने विचारलं, "चारुदत्त कुठेत?"

आता इथे खरं सांगता आलं असतं. पण शेवटचा माणूस कुणाला मागे टाकून येत नसतो, हे त्यानेच यांना पाच वेळा सांगितलं होतं. "गुडघा दुखतोय म्हणाला," यतिन म्हणाला. "स्वतःच म्हणाला, मी परत गाडीपाशी जातो, तुम्ही जाऊन या."

"बिचारा," नीलिमा म्हणाली. सगळे पुढे चालू लागले. इतकं सोपं होतं ते.

मुख्य वाट वरच्या शिखराकडे जाते आणि एका पाटीपाशी तळ्याचा फाटा उजवीकडे फुटतो. बाराच्या सुमाराला ते तळ्यापाशी पोहोचले. खडकांच्या कुशीत गडद निळं पाणी, वर कड्यावर उन्हाळा संपला तरी बर्फाचा एक मळकट तुकडा उरलेला. अनुष्का पाण्याकडे बघत म्हणाली, "चारूकाका वुड हॅव लव्ह्ड धिस." यतिनने फोटो काढायला मोबाइल वर धरला. नीलिमाला तेवढ्यात आठवलं, "अगं बाई, जेवण तर सगळं त्यांच्याकडेच राहिलं!" मग सगळ्यांनी खिशातल्या सुक्यामेव्याच्या वड्या खाल्ल्या आणि गाडीपाशी जाऊन जेवू म्हणाले.

साडेबाराला पश्चिमेकडून ढग आले. बघता बघता समोरचा कडा दिसेनासा झाला, मग तळं दिसेनासं झालं, आणि बारीक गारा तोंडावर टोचू लागल्या. सगळे परत फिरले. फाट्यापाशी आले तेव्हा दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. तिथून खाली वळले आणि मान खाली घालून नदीपर्यंत आले. ढग तिथे जरा विरळ होता.

दगडावर कुणी नव्हतं.

यतिन पुढे धावत गेला. दगडावर एक करडा मोजा होता, वाळत घातलेला, उडू नये म्हणून वर छोटा धोंडा ठेवलेला. मागून तिघांची पावलं वाजत होती. यतिनने धोंडा बाजूला सारला, मोजा उचलला आणि खिशात घातला.

त्याने हे का केलं, हे त्याला आजही सांगता येत नाही. हात आपोआप गेला असं तो दीप्तीला म्हणाला. पण हात आपोआप जात नसतात.

"चला, म्हणजे ते वर गाडीपाशीच असतील," सलिल म्हणाला.

अनुष्का थांबली. "बट गाडीची चावी तुमच्याकडे आहे ना, यतिनकाका?"

"वर आडोसा आहे," यतिन म्हणाला. "बसला असेल तिथे."

नदीपासून पार्किंगपर्यंतचा चढ उभा आहे. पाऊण तास लागतो. दुखऱ्या गुडघ्याने चारू हा चढ एकटा चढणार नाही, हे यतिनला माहीत होतं. हलू नकोस म्हटल्यावर तो उगीच हलणार नाही, हेही माहीत होतं. म्हणजे तो नदीच्या त्या बाजूला कुठेतरी होता, ढगात, एका पायात मोजा नसलेला. प्रत्येक वळणावर यतिन ठरवायचा की आता सांगायचं, आणि प्रत्येक वळणावर वाटायचं, कोण जाणे, असेलही वर. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. यतिनला त्या पाऊण तासात फक्त जनाचीच होती. खिशात ओला मोजा मांडीला गार लागत होता आणि तो चालत होता, नेहमीसारखा, सगळ्यांच्या मागे.

वर कुणी नव्हतं. सलिलने आडोसा बघितला, स्वच्छतागृह बघितलं, "चारुदत्त! चारुदत्त!" अशा हाका मारल्या. फोनला रेंज नव्हती. नीलिमाचा चेहरा पांढरा पडला. "गारा पडताहेत रे. उतरताना कुठे पडले असतील का? पण आपल्याला वाटेत कसे दिसले नाहीत?"

तेव्हा यतिनने खिशातून मोजा काढला.

"हा नदीवर दगडावर होता," तो म्हणाला. "मी त्याला तिथेच बसायला सांगितलं होतं. गाडीकडे जातो असं तो म्हणालाच नव्हता. ते मी सांगितलं."

सलिलला काही क्षण अर्थच लागला नाही. "म्हणजे? मग तू नदीवर का नाही बोललास?"

अनुष्का मोज्याकडे बघत होती. ती रागाने बोलली नाही, फक्त तिला जे दिसलं ते तिने सांगितलं, "यू पुट इट इन युअर पॉकेट."

धरणीने पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं म्हणतात. यतिनला तेवढंही सुचलं नाही. त्याने गाडीची चावी सलिलच्या हातात दिली. "खाली गावात फोन असेल. पोलिसांना कळव," असं म्हणाला आणि आल्या वाटेने धावत सुटला.

तो उतार त्याने कसा पार केला हे त्याला आठवत नाही. नदीत तो दगडांवरून न जाता सरळ पाण्यातूनच गेला. पलीकडे चढताना तो चारूच्या नावाने ओरडत होता, आणि ढग हाक गिळून टाकत होता. मनात एकच हिशेब चालू होता, पाऊण तास वर जायला आणि आता हा वेळ, म्हणजे आपण त्याचा तासभर खाल्ला. तासाभरात गारठ्याने माणूस जातो. मंडळात असताना हे शिकवायचाही तोच.

फाट्याच्या अलीकडे त्याला ढगात एक नारिंगी ठिपका दिसला.

एक म्हातारं ऑस्ट्रेलियन जोडपं हळूहळू खाली येत होतं आणि दोघांच्या मधे, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, चारू. अंगात ते गोदामातलं जॅकेट, त्यावरून म्हाताऱ्या बाईची शाल. ओठ निळे पडलेले. म्हातारी म्हणाली, "चांगलं झालं याने हे जॅकेट घातलं होतं. नाहीतर आम्ही दहा फुटांवरून निघून गेलो असतो." चारू फाटा चुकून सरळ वर शिखराच्या वाटेला लागला होता आणि एका खडकाशी बसला होता.

यतिन त्याच्यापुढे उभा राहिला. या वेळी चारूने एक सणसणीत शिवी हासडावी, कानाखाली वाजवावी, असं त्याला मनापासून वाटत होतं.

"यत्या, चुकलं रे माझं," चारू कापत म्हणाला. "तू हलू नको म्हणाला होतास. पण तुम्ही गेलात आणि बघतो तर खायची बॅग माझ्याकडेच. म्हटलं, पोरगी उपाशी राहील. हळूहळू गेलो तर गाठीन तळ्यावर."

यतिनला रडू कोसळलं. म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि "नो वरीज, मेट, ही इज ऑलराइट," असं म्हणाला. त्याला वाटलं, हा मित्राच्या काळजीने रडतोय.

उरलेली वाट यतिनने चारूला धरून आणलं. वाटेत दोनदा चारू म्हणाला, "तू आलास म्हणून बरं झालं." खोटं सांगितल्याचं चारूला आत्ताच सांगून टाकावं, असं यतिनला दोन्ही वेळा वाटलं आणि दोन्ही वेळा तो पुढच्या दगडाबद्दल काहीतरी बोलला. माणसाची खोड अशी एका दिवसात जात नाही.

वर पोहोचायला पाच वाजले. सलिल खालच्या गावातून फोन करून परत आला होता. आता पुन्हा जाऊन माणूस सापडल्याचं कळवून आला. नीलिमाने गाडीचा हीटर लावला, चारूला पांघरूण दिलं. जोडप्याचे सगळ्यांनी पुन्हा पुन्हा आभार मानले आणि ते निघून गेले. चारू सलिलला म्हणाला, "साहेब, सॉरी हां. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला."

सगळे यतिनकडे बघत होते. आता मात्र पळायला वाट नव्हती.

"चारू," यतिन म्हणाला, "मी यांना सांगितलं होतं की तूच गाडीकडे परत गेलास."

"गाडीकडे? मी कशाला गाडीकडे जाईन? चावी तर तुझ्याकडे." चारू हसला. मग त्याने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि त्याचं हसू हळूहळू विरलं. "म्हणजे मी नदीवर नाही हे दिसल्यावरसुद्धा…"

"हो. तरीही नाही बोललो. वर येईपर्यंत नाही बोललो. मला तुझी लाज वाटत होती, चारू. सकाळपासून."

चारूने पांघरूण नीट केलं. "जॅकेट काढायला लावलंस तेव्हाच कळलं होतं मला," तो म्हणाला, आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज हळू होता. "म्हटलं, असू दे. त्याची मोठ्या लोकांत ऊठबस आहे, आपण जरा सांभाळून राहावं." मग त्याने बॅग पुढे ओढली. "आधी खाऊन घ्या सगळे. गार झालेत, पण चांगले आहेत."

सगळ्यांनी धपाटे खाल्ले. त्याने यतिनच्याही हातात एक दिला. सलिल समोरच होता, पण त्या संध्याकाळी 'लीडर' ही हाक कुणीही मारली नाही.

परतताना गाडी यतिनच चालवत होता. दुसरं काही करायला उरलं नव्हतं म्हणून. चारू त्याच्या शेजारी बसला होता, गुडघा लांब करून. जाताना बसवला तसा मागे नव्हता. जिंडाबाइनच्या अलीकडे रेंज आली आणि चारूचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावून तो मांडीवर ठेवला. वासंतीचा आवाज गाडीभर पसरला.

"अहो, केव्हापासून लावतेय! झाला का डोंगर? तळं बघितलं का?"

"बघितलं की," चारू म्हणाला. "निळंशार. तुला दाखवायला हवं होतं."

"आणि गुडघा? पडलाबिडला नाहीत ना? मला दिवसभर चैन नव्हतं बघा."

मागच्या सीटवरचं कुजबुजणं थांबलं. आता हिला सगळं कळणार, कळायलाच हवं, असं यतिनच्या मनात आलं, आणि कळलं तर बरंच वाटेल असंही.

"छे गं," चारू म्हणाला. "यत्या होता ना. दिवसभर माझ्या मागेच चालत होता. एक क्षण सोडलं नाही त्याने मला."

"मी म्हटलंच होतं, यतिनभाऊजी असले की घोर नाही," वासंती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. "भाऊजी, ऐकताय ना? तुमच्यावर सोडून मी यांना पाठवलं होतं. फार उपकार झाले हो तुमचे."

चारू समोर रस्त्याकडे बघत होता. आरशात यतिनला अनुष्काचे डोळे दिसत होते, सलिलचे दिसत होते, नीलिमाचेही दिसत होते. खरं बोलून मोकळं व्हावं तर ती बाई सहा तास लांब, एकटी, रात्रभर रडत बसणार. आणि गप्प बसावं तर फोनवर ती उत्तराची वाट बघत होती.

"भाऊजी? आहात ना?"

"हो वहिनी," यतिन म्हणाला.